खडा मसाला, ताजी पूड : आरोग्यही आणि रोजगारही

नागपूरच्या धरमपेठ भागात सकाळी सात-साडेसातच्या सुमारास फेरफटका मारला, तर रस्त्याच्या कडेला पोह्यांच्या गाड्यांभोवती गर्दी जमलेली दिसते. कामावर निघालेले मजूर, शिकवणीला जाणारे विद्यार्थी, फिरायला निघालेले पेन्शनर, असे सर्व प्रकारचे लोक तेथे उभे असतात. पोह्यांवर काळ्या हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओतला जातो आणि वर चिरलेला कांदा व सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरली जाते. हेच नागपूरचे प्रसिद्ध तर्री-पोहे. त्याच गर्दीत एखादा गृहस्थ हमखास असे म्हणताना ऐकू येतो, "डॉक्टरांनी मसाला बंद करायला सांगितला आहे, पण राहवत नाही."

हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो. रक्तदाब वाढला, मसाला बंद. पोट बिघडले, मसाला बंद. साखर वाढली, तरी मसाला बंद. घरातील आजारी माणसाच्या ताटात मग बेचव वरण आणि उकडलेली भाजी येते. चार दिवसांत तो कंटाळतो आणि पाचव्या दिवशी पुन्हा गाडीवर जाऊन उभा राहतो. या लेखात आम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली अशी की, बहुतेक वेळा दोष मसाल्याचा नसून त्याच्यासोबत पोटात जाणाऱ्या तेल-मिठाचा असतो. चांगला व ताजा मसाला हाताशी असेल तर तेच तेल-मीठ कमी करता येते. दुसरी गोष्ट अशी की, असा ताजा व शुद्ध मसाला मोहल्ल्यात मिळवून देणे हा थोड्या भांडवलाचा आणि इज्जतीचा धंदा होऊ शकतो.

खरा दोषी कोण?

तर्री हा शब्दच मुळी रश्शावर तरंगणाऱ्या तेलाच्या थरासाठी वापरला जातो. गिऱ्हाईकही "जरा तर्री वाढवा" असे सांगून ते मागून घेते. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १४ ग्रॅम आणि त्यातून सुमारे १२५ कॅलरी मिळतात. त्याच रश्शात असलेल्या अर्धा चमचा मसाल्याच्या कॅलरी हिशेबात धरण्याइतक्याही नसतात.

आता घरचा हिशेब पाहू. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा तेलाचा डबा लागतो असे समजा. पाच हजार मिलिलिटर भागिले चार माणसे, भागिले तीस दिवस, म्हणजे माणशी रोजचे जवळजवळ ४२ मिलिलिटर किंवा सुमारे ३८ ग्रॅम तेल झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दोन हजार कॅलरींच्या आहारासाठी जे ताट आखून दिले आहे, त्यात तेल-तुपाचा वाटा सुमारे २७ ग्रॅम आहे. म्हणजे बाहेरचा एकही आलूबोंडा न खाता हे घर मर्यादेच्या पुढे गेले.

मिठाचीही तीच कथा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एका छोट्या चमच्याच्या आत मीठ खावे. आपल्या देशात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार हे प्रमाण सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास आहे. लोणचे, पापड, शेव, चिवडा आणि बाजारातील तयार चाट मसाला ही मीठ पोटात जाण्याची मोठी दारे आहेत. तयार चाट मसाल्याच्या पुडीवर घटकपदार्थांची यादी छापलेली असते आणि ज्याचे वजन सर्वांत जास्त तो पदार्थ तीत आधी येतो. ती यादी वाचून पाहावी. अनेक पुड्यांवर पहिले-दुसरे नाव मिठाचेच आढळेल.

अर्थात, तिखट सर्वांनाच मानवते असे नाही. ज्याला आम्लपित्ताचा, अल्सरचा किंवा मूळव्याधीचा त्रास आहे त्याने मिरची जपूनच खावी व डॉक्टरांचे ऐकावे. पण मिरची म्हणजेच मसाला नव्हे. धने, जिरे, सोप, ओवा, वेलची, कलमी (दालचिनी), तेजपान, मेथी, हिंग यांपैकी एकही पदार्थ मिरचीसारखा झोंबत नाही. नागपूरची सावजी भाजी, जी कोष्टी विणकरांच्या घरांतून हॉटेलांत आली, ती झणझणीत म्हणून गाजली. परंतु तिची खरी ओळख भाजून वाटलेले धने, खसखस, मिरे, लवंग, दगडफूल यांच्या मिश्रणात आहे. मिरची निम्मी केली तरी ते मिश्रण ओळखू येते.

मसाला काम कसे करतो?

मसाल्याचा वास व चव त्यातील उडून जाणाऱ्या तेलात असते. लवंगेत हे तेल १५ ते २० टक्क्यांपर्यंत असते, जिऱ्यात २ ते ४ टक्के असते, तर धन्यांत एक टक्क्याच्याही आत असते. खडा मसाला शाबूत असतो तोपर्यंत वरच्या सालीमुळे हे तेल आत बंद राहते. दळला की दाण्याचे हजारो तुकडे होतात, हवा लागते आणि तेल उडू लागते. दळताना चक्की तापली तर काही भाग तेथेच निघून जातो. म्हणून चक्कीवर मसाल्याचा वास घमघमतो तेव्हा आपण खूश होतो खरे, पण तो वास पुडीतून निघून चाललेला माल असतो.

यावरून गृहिणीने तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. खडा मसाला नीट कोरडा ठेवला तर वर्षभर टिकतो. धने-जिऱ्याची पूड दोन-तीन महिन्यांत मंदावते, म्हणून ती थोडी थोडी करावी. आणि मसाल्याचा डबा शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवू नये. उष्णता, वाफ व उजेड हे मसाल्याचे तीन शत्रू आहेत. काचेच्या बरणीत उन्हाजवळ ठेवलेल्या तिखटाचा लाल रंग महिन्या-दोन महिन्यांत फिका पडतो, हा सर्वांचा अनुभव आहे.

पूड शिळी झाली की काय होते? भाजी मिळमिळीत लागते. मग बाई एक चमचा पूड जास्त टाकते, तरी चव येत नाही, म्हणून मीठ वाढवते आणि शेवटी तेल सोडते. शिळ्या मसाल्याची भरपाई अशी तेल-मिठाने केली जाते. उलट, ताज्या भाजलेल्या जिऱ्याची चिमूटभर पूड आणि लिंबाचे चार थेंब पडले तर तीच भाजी कमी मिठात गोड लागते. आंबट आणि सुवास यांची जोड मिळाली की मीठ कमी असल्याचे जिभेला फारसे जाणवत नाही.

फोडणीचेही शास्त्र आहे. मसाल्यातील सुवासिक द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात चांगली उतरतात. त्यासाठी वाटीभर तेल लागत नाही, चार माणसांच्या भाजीला दोन छोटे चमचे पुरतात. तेल तापल्यावर आधी मोहरी, ती तडतडली की जिरे, मग हिंग, मग हळद आणि सर्वांत शेवटी आच कमी करून तिखट घालावे. तिखट लवकर जळते व जळले की कडू होते. तिखट पडताच कांदा किंवा पाण्याचा हबका दिला तर रंगही चांगला येतो.

हळदीबद्दल थोडे खरे, थोडे खोटे

हळदीचे नाव निघाले की आजकाल ती प्रत्येक रोगावरचा इलाज असल्यासारखे बोलले जाते. हळदीचे महत्त्व मोठे आहे यात शंका नाही. अमेरिकेत १९९५ साली जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याविरुद्ध लढा दिला. हे ज्ञान आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, असे जुने पुरावे तिने मांडले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. ही अभिमानाची गोष्ट आहे.

परंतु हळदीत कर्क्युमिन नावाचे जे द्रव्य असते त्याचे प्रमाण साधारण ३ ते ५ टक्के असते आणि ते शरीरात फार थोडे शोषले जाते. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले की, दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातील २० मिलिग्रॅम पायपरिन दिले तर माणसाच्या शरीरात त्याचे शोषण वीसपटीने वाढते. यातून हळदीच्या जोडीला मिरे घालण्याची आपली रीत योग्यच असल्याचे दिसते. मात्र दोन ग्रॅम कर्क्युमिन मिळवायचे तर चाळीस ग्रॅमहून अधिक हळद लागेल आणि तेवढी हळद कोणी वरणात घालीत नाही. म्हणून हळद, मेथी, कलमी यांना स्वयंपाकघरातले सोबती समजावे, औषधाची गोळी बंद करून त्यांच्यावर विसंबू नये. मधुमेहाच्या रोग्याने तर मुळीच नाही.

कलमीच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी. बाजारात मिळणारी जाड, कडक साल ही बहुधा कॅसिया असते. तिच्यात कुमारिन हे द्रव्य जास्त असते व ते मोठ्या प्रमाणात रोज घेतल्यास यकृताला अपायकारक ठरू शकते. पुलावातील एक तुकडा चिंतेचा नाही, पण "साखर उतरते" म्हणून रोज चमचाभर पूड फाकणे बरे नव्हे. सिलोनी कलमीची साल कागदासारखी पातळ व थरांची असते आणि तिच्यात कुमारिन अगदी कमी असते.

रोजच्या नाश्त्यात काय करता येईल?

तर्री-पोहे सोडण्याची गरज नाही, करण्याची पद्धत बदलावी. काळे हरभरे रात्री भिजत घालून सकाळी शिजवून घ्यावेत. मूठभर हरभरे वाटून त्याच पाण्यात घातले की रस्सा तेलाशिवाय दाट होतो. दोन छोटे चमचे तेलात कांदा, आले-लसूण परतून त्यात भाजलेल्या धने-जिऱ्याची व खसखशीची पूड आणि थोडे तिखट घालावे. रंग हवा असेल तर ब्याडगीसारखी रंगाला चांगली पण कमी तिखट मिरची वापरावी. वरून सांबार व लिंबू. यात हरभऱ्याची प्रथिनेही मिळतात, म्हणून पोहे थोडे कमी आणि हरभरा थोडा जास्त घ्यावा.

रमजानच्या दिवसांत इफ्तारच्या दस्तरखानावर भजी, समोसे व तळलेले पापड यांची रेलचेल असते. दिवसभर रिकाम्या राहिलेल्या पोटावर एकदम तळण पडले की छातीत जळजळ होते, तहान वाढते आणि अंगात सुस्ती येते. खजूर व फळांबरोबर उकडलेले हरभरे ठेवावेत. त्यांना जिरे-हिंगाची हलकी फोडणी, मिरेपूड, आमचूर व बारीक चिरलेला कांदा पुरतो. तळलेला एखादा प्रकार मुलांच्या हौसेखातर जरूर असावा, पण तो ताटातला पाहुणा असावा. सहरीला खारट व फार तिखट टाळल्यास दिवसभर तहान कमी जाणवते.

वऱ्हाड-नागपुरातील जवसाची चटणी हा तर पूर्ण पौष्टिक प्रकार आहे. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावा, त्यात भाजलेले जिरे, लसूण, सुकी मिरची व बेताचे मीठ घालून भरड वाटावे. भाकरीबरोबर ही चटणी असली की लोणच्याची आठवण होत नाही. जवसातील तेल लवकर खवट होते म्हणून आठ-दहा दिवसांपुरतीच करावी.

मुलांच्या डब्यासाठी कुरमुरे किंवा पातळ पोहे कढईत कोरडे भाजून, एका चमचा तेलात मोहरी, कढीपत्ता, हळद, सोप व फुटाणे यांची फोडणी द्यावी. मोड आलेल्या मटकीला ओवा व लिंबू चांगले लागते. सांबारवडी करताना आतले सारण, म्हणजे सांबार, तीळ, खसखस, खोबरे व गरम मसाला, तसेच ठेवून वड्या वाफवून घ्याव्यात आणि तव्यावर थोड्या तेलात परताव्यात. तळलेल्या वडीचा खुसखुशीतपणा येणार नाही हे कबूल, पण सारणाची चव पूर्ण येते. उन्हाळ्यात थंड बाटलीऐवजी भाजलेल्या जिऱ्याचा मठ्ठा द्यावा. त्यात आले, पुदिना व चिमूटभर काळे मीठ घातले की साखरेची आठवण राहत नाही.

खरेदी करताना भाव काय सांगतो?

आता बाजाराकडे वळू. धरमपेठेतील गृहिणी भाजीपाला गोकुळपेठेतून घेते, पण वर्षाची मिरची-हळद भरायची म्हटली की इतवारीची वाट धरते. कळमन्याच्या बाजारात मिरचीची मोठी आवक असते. आपल्या जिल्ह्यातील भिवापूरची मिरची आणि शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. इतका चांगला माल दाराशी असताना आपण रंगीत पूड का खावी?

खड्या मिरचीच्या भावावरून पुडीची किंमत ताडून पाहण्याची एक सोपी रीत आहे. समजा, चांगल्या सुक्या मिरचीचा भाव किलोला २०० रुपये आहे. दहा किलो मिरची दोन हजारांची झाली. देठ खुडून, खराब दाणे व कचरा काढून, ऊन देऊन व दळून हातात साडेआठ किलो पूड आली असे धरू. म्हणजे पुडीचा नुसत्या मालाचा खर्च किलोला २३५ रुपये झाला. त्यावर निवडण्याची मजुरी, कांडप व पुडीचा खर्च ३५ रुपये धरला तर २७० रुपये होतात आणि यात दुकानदाराचा नफा आलेला नाही. अशा वेळी शेजारच्या दुकानात तीच पूड २२० रुपयांना मिळत असेल तर तिच्यात काय आहे, हा प्रश्न गिऱ्हाईकाने विचारलाच पाहिजे. देठासकट दळलेली असेल, पांढरी पडलेली हलकी मिरची असेल, मागच्या वर्षीचा माल असेल, नाही तर आणखी काही असेल. मोठा व्यापारी हंगामात स्वस्त घेऊन साठवतो, त्यामुळे त्याला थोडे कमी परवडते हे खरे. तथापि, खड्या मालापेक्षा पूड बरीच स्वस्त मिळणे हे नेहमीच संशयाचे कारण समजावे.

घरच्या घरी करता येणाऱ्या काही साध्या परीक्षा अशा :

ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा हळद टाकावी. शुद्ध हळद हळूहळू खाली बसते व पाणी फिकट पिवळे होते. पाणी लगेच गडद पिवळे झाले तर रंग मिसळल्याचा संशय घ्यावा.

तिखट पाण्यावर भुरभुरावे. रंगाच्या रेघा खाली उतरताना दिसल्या तर कृत्रिम रंग असण्याचा संभव आहे. तळाशी बसलेला गाळ बोटांत चोळून पाहावा, खरखरीत लागला तर विटेचा चुरा किंवा वाळू असू शकते.

मिरे पाण्यात टाकावेत. भरीव मिरे बुडतात, पपईच्या बिया तरंगतात. लवंगही बुडली पाहिजे. तेल काढून घेतलेली लवंग हलकी होऊन तरंगते.

जिरे तळहातावर चोळावे. हात काळा झाला तर कोळशाने रंगवलेले गवताचे बी त्यात आहे असे समजावे.

या परीक्षांनी सर्वच भेसळ उघडी पडत नाही. हळकुंडाला पिवळीजर्द चमक यावी म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचे विषारी रंगद्रव्य, चोपडण्याचा जो प्रकार आहे तो प्रयोगशाळेतच कळतो. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. म्हणून फार चकचकीत हळकुंडाच्या मोहात पडू नये. बांगलादेशात २०१९ साली संशोधकांनी हा प्रकार उघडकीस आणल्यावर तेथील सरकारने व्यापाऱ्यांत जागृती केली, बाजारात तपासणी करून दंड केले आणि २०२१ पर्यंत बाजारातील हळदीची ही भेसळ जवळजवळ नाहीशी झाली. मनावर घेतले तर बाजार सुधारतो, याचा हा चांगला दाखला आहे.

कायदा आणि दाराशी असलेली प्रयोगशाळा

फार थोड्या नागपूरकरांना माहीत असेल की, शेतमालाच्या प्रतवारीसाठी १९३७ च्या कायद्याने सुरू झालेल्या ॲगमार्क चिन्हाची केंद्रीय प्रयोगशाळा नागपुरातच, धरमपेठेपासून जवळ असलेल्या नॉर्थ अंबाझरी रोडवर आहे. देशभरातील ॲगमार्क प्रयोगशाळांची ही वरिष्ठ प्रयोगशाळा होय. मसाल्याच्या पुडीवर ॲगमार्क असणे म्हणजे त्या मालाची प्रत ठरवून दिलेल्या कसोट्यांवर तपासली गेली आहे, असा अर्थ होतो.

याशिवाय अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ हा सर्वांना लागू आहे. या कायद्याखालील नियमांप्रमाणे दळलेला मसाला सुटा विकता येत नाही, तो बंद पुडीतच विकावा लागतो. पुडीत वरून रंग मिसळण्यासही मनाई आहे. संशय आल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे तक्रार करता येते. खरेदीची पावती जपून ठेवावी, म्हणजे तक्रारीला आधार राहतो.

भेसळीची किंमत फक्त गिऱ्हाईक मोजतो असेही नाही. २००३ मध्ये फ्रान्समध्ये भारतातून गेलेल्या तिखटात सुदान हा निषिद्ध रंग सापडला आणि २००५ मध्ये ब्रिटनमध्ये त्याच रंगामुळे शेकडो तयार पदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग व सिंगापूर येथे काही भारतीय मसाल्यांत इथिलिन ऑक्साइड या जंतुनाशक वायूचे अंश आढळल्याने तो माल मागे घेण्याचे आदेश निघाले. थोड्यांच्या चुकीने सर्वांचा माल संशयाने पाहिला जातो आणि त्याची झळ शेवटी शेतकऱ्याला व मिरचीचे देठ खुडणाऱ्या मजूर बायकांना बसते.

मोहल्ल्यातील संधी

बेकार तरुणांनी व घरी बसून काही करू इच्छिणाऱ्या भगिनींनी या धंद्याचा विचार करण्यासारखा आहे. धरमपेठ, रामदासपेठ, शंकरनगर या भागांत नोकरदार कुटुंबे आहेत, विद्यार्थ्यांच्या मेस आहेत, डबे पुरवणाऱ्या बाया आहेत. त्यांना खडा मसाला निवडायला व भाजायला सवड नसते, पण चव मात्र ताजी हवी असते. मोठ्या कंपनीच्या पुडीशी भावात स्पर्धा करू नये, ती करता येणार नाही. "या आठवड्यात दळलेला" एवढे खरेपणाने सांगता येणे हेच आपले भांडवल समजावे.

सुरुवातीला वीस प्रकार करण्याच्या मोहात पडू नये. तिखट, धने-जिरे पूड, हळद आणि एक घरचा काळा मसाला, एवढे चार पुरेत. पहिले दोन-तीन महिने ओळखीच्या वीस-पंचवीस घरांच्या मागण्या आधी लिहून घ्याव्यात व तेवढेच दळावे, म्हणजे माल पडून राहत नाही. कांडप दुसऱ्याच्या चक्कीवर स्वतः उभे राहून करून घ्यावे, यंत्रात पैसा लगेच अडकवू नये. चक्कीवर आधीच्या गिऱ्हाइकाची मिरची राहिलेली असते, म्हणून धने-जिरे आधी व मिरची शेवटी दळावी आणि हळदीसाठी चक्की नीट झाडून घ्यावी. थोडे थोडे दळून मध्ये चक्की थंड होऊ द्यावी. काम करताना नाक-तोंडाला फडके व हातात मोजे असावेत.

मिरची नव्या हंगामात घ्यावी व कडक वाळवूनच भरावी. ओलसर मिरचीला बुरशी येते आणि काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, जे दळून वा शिजवून जात नाही. तिखट व हळदीच्या पुडीत ओलावा १०-११ टक्क्यांच्या आत असावा लागतो. मूठ आवळून उघडल्यावर पुडीचा गोळा तसाच राहत असेल तर ती ओली आहे असे समजावे.

लहान उत्पादकाला अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी आणि मोठ्या उलाढालीच्या उत्पादकाला परवाना घ्यावा लागतो. अर्ज ऑनलाइन होतो व चौदा आकडी क्रमांक मिळतो. पुडीवर तो क्रमांक, मालाचे नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे ती मुदत, किंमत, शाकाहारी चिन्ह आणि आपले नाव-पत्ता छापावा. बंद पुडीत वजन करून माल विकणाऱ्याने वैधमापन विभागाकडेही चौकशी करावी. यंत्र घेण्याची वेळ आली की सरकारी अनुदानाची माहिती तालुका कृषी कार्यालयात किंवा जिल्हा उद्योग केंद्रात घ्यावी.

दर ठरवताना वर दिलेला हिशेब विसरू नये. घटीचे वजन, मजुरी, पुडी, रिक्षाभाडे आणि स्वतःच्या कष्टाचे पैसे धरल्याशिवाय भाव सांगू नये. पुष्कळ भगिनी स्वतःची मेहनत हिशेबात धरीत नाहीत आणि वर्षभराने "काही उरले नाही" म्हणून धंदा बंद करतात. दुकानदाराला उधारीवर माल देताना मर्यादा ठेवावी. महिन्याला ठरलेल्या घरी शंभर-अडीचशे ग्रॅमच्या पुड्या रोखीने पोहोचवणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. न खपलेली जुनी पूड नव्यात कधीही मिसळू नये. गिऱ्हाईक बोलून दाखवीत नाही, ते फक्त पुढच्या महिन्यात येत नाही.

मापात खोट न करणे आणि मालातील दोष न लपवणे हा आपल्याकडे व्यापाराचा पहिला धडा मानला जातो. मसाल्याच्या धंद्यात तर त्याची परीक्षा रोज होते, कारण पुडीच्या आत काय आहे हे विकणाऱ्यालाच ठाऊक असते आणि ती पुडी ज्या घरात जाते तेथे लहान मुले जेवतात. घरच्या बाईने खडा मसाला घेऊन थोडा थोडा दळण्याची सवय लावली आणि मोहल्ल्यातल्या एखाद्या होतकरू तरुणाने वा भगिनीने तोच ताजा माल इमानदारीने पुरवला, तर डॉक्टरांनी कमी करायला सांगितलेले तेल-मीठ खरोखर कमी होईल आणि ताटातली चवही जाणार नाही. या महिन्याच्या किराण्याच्या यादीत तयार पुडीऐवजी पाव किलो खडे धने व शंभर ग्रॅम जिरे लिहून सुरुवात करून पाहावी.